इंत्रूज कुणाच्या अंगणात?

गेल्या हिवाळ्यात आमच्या तालुक्याच्या ठिकाणी पर्यटनवाढीसाठी एक बैठक झाली. हॉटेलवाले, होडीवाले, दोन-तीन सरपंच, काही शिक्षक आणि बोलावणं आलं म्हणून गेलेली माझ्यासारखी माणसं. जेटी, कचरा, शौचालयं, रस्त्यावरचे दिवे यावर चर्चा चांगली चालली होती. मग एका तरुण व्यावसायिकाने उभं राहून सूचना मांडली. गोव्यात फेब्रुवारीत कार्निव्हल होतो, पत्रादेवीचा नाका ओलांडला की बांदा, म्हणजे आपलाच सिंधुदुर्ग जिल्हा. मग तीच मिरवणूक एक दिवस आपल्या किनाऱ्यावर का आणू नये? चित्ररथ तयार असतात, ते ट्रकवरच असतात, फक्त इकडे वळवायचे. टाळ्या पडल्या. एका ज्येष्ठ गृहस्थांनी लगेच हरकत घेतली, की हा परक्यांचा सण, तो आपल्याकडे नको. त्यांच्यासाठीही टाळ्या पडल्या, थोड्या कमी.

मी गप्प बसलो. दोन्ही बाजूंचं म्हणणं मला पटत नव्हतं आणि का पटत नाही हे तिथे दोन मिनिटांत सांगता आलं नसतं. ते इथे सांगतो.

आधी त्या ज्येष्ठांचं बोलणं घेऊ. सण प्रवास करतात. आपल्या कोकणातून, रत्नागिरी-मालवणच्या बाजूने, दीड-पावणेदोनशे वर्षांपूर्वी माणसं करारावर मॉरिशसला उसाच्या मळ्यांत राबायला गेली. त्यांच्याबरोबर गणपती गेला आणि गणपतीपुढे नाचायची जाखडीही गेली. तिथले मराठी लोक तिला आज झाकरी म्हणतात. त्या देशात गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. मॉरिशसच्या मातीत तो सण परका होता म्हणून तो नेऊ नये, असं आपल्यापैकी कुणी म्हणेल का? मग गोव्याचा इंत्रूज, म्हणजे तोच कार्निव्हल, बांद्याला येऊ नये याचं कारण तो परका आहे, एवढंच असू शकत नाही. शिवाय तो तितका परका नाहीच.

इंत्रूज हा शब्द पोर्तुगीज 'एंत्रुदू'वरून आला. एंत्रुदू म्हणजे प्रवेश. कशात प्रवेश, तर ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात. भस्म बुधवारी कपाळावर राख लावून घ्यायची आणि मग मांसमद्य, लग्नकार्य, गाजावाजा यांना आवर घालायचा. त्या बुधवारच्या आधीचे तीन-चार दिवस म्हणजे इंत्रूज. घरातलं मांस संपवायचं, पोटभर हसायचं, शेजाऱ्यावर पाणी-पीठ फेकायचं, मालकाची नक्कल करायची, आणि मंगळवारी रात्री सगळं थांबवायचं. थांबणं हा त्या सणाचा निम्मा भाग आहे. आपल्याकडे गटारीची थट्टा होते, पण श्रावण पाळणाऱ्या घरात गटारीला जो अर्थ असतो तो श्रावण न पाळणाऱ्या घरात उरत नाही, हे सांगायला नको.

एक गोष्ट मला फार आवडते. ईस्टर हा वसंतातल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. त्याच्या ४७ दिवस आधीचा मंगळवार हा इंत्रूजचा शेवटचा दिवस. हिशोब मांडला तर तो अमावास्येच्या आगेमागे पडतो. त्यामुळे कित्येक वर्षी इंत्रूज आणि महाशिवरात्र एकाच आठवड्यात येतात. २०२३ साली शिवरात्र १८ फेब्रुवारीला होती आणि इंत्रूजचा मंगळवार २१ फेब्रुवारीला. २०२६ साली १५ आणि १७ फेब्रुवारी. अशा वर्षी पंधरवड्याने फाल्गुनी पौर्णिमा, म्हणजे आपला शिमगा. गोव्यातल्या एकाच गावात एका वाड्यावर उपवास सुरू असतो तेव्हा दुसऱ्या वाड्यावर शिगम्याचे ढोल वाजत असतात. ही दोन पंचांगं शेजारी राहून एकमेकांना ओळखतात.

पोर्तुगालमधून निघालेला हा एंत्रुदू एका बाजूने ब्राझीलला गेला आणि दुसऱ्या बाजूने गोव्याला आला. रिओमध्ये तो आधी रस्त्यावरचा धुडगूस होता. मेणाच्या पोकळ लिंबांत सुगंधी पाणी भरून ते माणसांवर फोडायचे. पुढे आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वंशजांनी त्यात आपला ताल घातला आणि सांबा तयार झाला. १९८४ पासून रिओची मुख्य मिरवणूक ऑस्कर निमायर या वास्तुकाराने बांधलेल्या खास प्रेक्षागारातून जाते आणि जगाला कार्निव्हल म्हटलं की तेच चित्र दिसतं. पिसांचे मुकुट, उंच रथ. पण ते चित्र एंत्रुदूच्या एका फांदीचं आहे.

दुसरी फांदी पाहायची तर इंत्रूजच्या दिवसांत दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्यातल्या एखाद्या गावात जायला हवं. मी पहिल्यांदा गेलो त्याला बरीच वर्षं झाली. मडगावच्या पुढे एका घराच्या अंगणात, नारळाच्या झाडांखाली, 'खेळ' होता. रंगमंच नाही, पडदा नाही. जमिनीवरचाच खेळ, म्हणून त्याला तिथे 'जमनीवयले खेळ' असंही म्हणतात. ट्रम्पेट आणि ढोल वाजवत मंडळी आली, अंगण मोकळं केलं, आणि लागोपाठ छोटी-छोटी नाटुकली झाली. दारुड्या नवरा, परदेशातून परतलेला मुलगा, जमिनीचा वाद, पंचायतीतला लाचखाऊ माणूस. मध्ये मध्ये गाणी. कुणावर बोट ठेवलं जातंय हे गावाला कळत होतं आणि ज्याच्यावर ठेवलं जात होतं तोही कदाचित तिथेच खुर्ची टाकून बसला असेल. एकेकाळी या खेळांत बायकांच्या भूमिका पुरुषच करायचे, आपल्या दशावतारात करतात तशाच. संपलं की घरच्यांनी पैसे दिले, खायला-प्यायला दिलं, आणि मंडळी पुढच्या अंगणाकडे गेली. मी मालवणी बोलणारा माणूस, मला त्यांचं कोंकणी ऐंशी टक्के कळत होतं. उरलेलं शेजारी बसलेल्या बाईंनी न विचारता समजावून दिलं.

तिथे मला जे दिसलं ते पोर्तुगालमधून आलेलं नव्हतं. सोंगं काढून दारोदार जाणं, गावातल्या वरचढ माणसाची वर्षातून एकदा टिंगल करण्याची मुभा, मोबदल्यात चार पैसे आणि घोटभर काहीतरी, हे या मातीत होतंच. १५१० नंतर पोर्तुगीज सत्ता आली, १५६० पासून धर्मन्यायालय आलं. १७३६ च्या फर्मानाने साध्यासाध्या घरगुती रूढींवरही बंदी घातली. ज्या लोकांचे जुने खेळ बंद झाले त्यांना वर्षातले तीन-चार दिवस असे सापडले, की जे चर्चच्या पंचांगात बसत होते आणि ज्यात सोंग काढायला हरकत नव्हती. त्यांनी आपला खेळ तिथे नेऊन ठेवला. चांदोर गावात इंत्रूजच्या दिवसांत मुसळ खेळ होतो. ख्रिस्ती चाड्डी समाजातले पुरुष जुन्या पद्धतीचा वेश करून, हातात मुसळ घेऊन, ते जमिनीवर आपटत फेर धरतात, आणि त्यांच्या गाण्यात विजयनगरच्या हरिहराच्या विजयाची आठवण आहे असं मानलं जातं. चांदोर म्हणजे कदंबांची जुनी राजधानी चंद्रपूर. चारशे वर्षं ख्रिस्ती असलेली माणसं उपवासकाळाच्या उंबरठ्यावर एका हिंदू राजाची आठवण नाचून जागवतात, हे पाहिल्यावर 'परका सण' हा शब्द माझ्या तोंडून निघत नाही.

म्हणजे इंत्रूज नव्या मुलखात आला आणि रुजला. पण तो व्हाइसरॉयने पाठवला म्हणून रुजला नाही, खालच्या लोकांना त्याचा उपयोग होता म्हणून रुजला. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून आणखी एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो.

त्रिनिदाद. वेस्ट इंडीजचं हे बेट. १७८३ नंतर तिथे फ्रेंच मळेवाले मोठ्या संख्येने आले आणि उपवासकाळाआधी मुखवटे घालून नाचगाण्याच्या मेजवान्या करू लागले. त्यांचे गुलाम त्यात नव्हते. मळ्यात उसाला आग लागली की मध्यरात्री शिंगं फुंकून, मशाली पेटवून, चाबकाच्या धाकाने गुलामांना आग विझवायला आणि जळका ऊस तोडायला हाकलत. गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्याने संपली, प्रत्यक्षात १८३८ मध्ये. मोकळे झालेले लोक मालकांच्या त्याच कार्निव्हलमध्ये उतरले आणि त्यांनी नाचून दाखवली ती हीच मध्यरात्रीची धावपळ. मशाली, ढोल, काठ्या. तिला ते 'कान्बुले' म्हणत, म्हणजे जळका ऊस. १८८१ साली पोलिसांनी ती बंद पाडायचा प्रयत्न केला आणि पोर्ट ऑफ स्पेनच्या रस्त्यावर लोकांनी पोलिसांना अडवलं. पुढे कायद्याने ढोलांवर निर्बंध आले, तेव्हा बांबू जमिनीवर आपटून ताल धरला गेला. त्यानंतर डबे, पत्रे, तेलाची पिंपं ठोकून ठोकून त्यातून स्टीलपॅन हे वाद्य निघालं. मालकांच्या करमणुकीत ज्यांना दार नव्हतं त्यांनी पन्नासेक वर्षांत तो सण पूर्ण आपला केला.

तोच सण पुढे लंडनला गेला. १९५८ च्या उन्हाळ्यात नॉटिंग हिल भागात गोऱ्या टोळ्यांनी वेस्ट इंडियन लोकांवर हल्ले केले. त्रिनिदादमध्ये जन्मलेली, अमेरिकेने हाकलून दिलेली कम्युनिस्ट पत्रकार क्लॉडिया जोन्स तेव्हा लंडनमध्ये कृष्णवर्णीयांचं वर्तमानपत्र चालवत होती. तिने ३० जानेवारी १९५९ ला सेंट पँक्रस टाउन हॉलमध्ये कार्निव्हल भरवला. त्रिनिदादच्या मोसमाला धरून, पण लंडनच्या थंडीमुळे छपराखाली. त्याच वर्षी मे महिन्यात केल्सो कॉक्रन या अँटिगाहून आलेल्या तरुण सुताराला नॉटिंग हिलमध्येच भोसकून मारलं गेलं. १९६६ मध्ये त्याच वस्तीत ऱ्होन लॅस्लेट या समाजसेविकेने मुलांसाठी आणि शेजाऱ्यांसाठी रस्त्यावर जत्रा भरवली. रसेल हेंडरसनचा स्टीलबँड वाजवत वाजवत रस्त्यावरून निघाला आणि माणसं मागे चालू लागली. आज तो कार्निव्हल ऑगस्टअखेरच्या रविवारी-सोमवारी होतो आणि लाखो माणसं येतात.

इथे माझ्याच म्हणण्याला एक अडचण येते आणि ती टाळून पुढे जाणं बरोबर नाही. थांबणं हा सणाचा निम्मा भाग आहे, असं मी वर म्हटलं. नॉटिंग हिलला ऑगस्टमध्ये पुढे कुठला भस्म बुधवार येतो? कुठलाच नाही. तारीख सुटली, उपवास सुटला, देवाचं नावही सुटलं. तरी तो सण पोकळ झाला नाही. का? मी यावर बराच विचार केला आहे. मला वाटतं, ज्या सणाला पुढे बुधवार नसतो त्याला मागे काहीतरी असावं लागतं. लंडनच्या त्या नाचामागे १९५८ आहे, कॉक्रनचं रक्त आहे, कान्बुलेच्या मशाली आहेत. 'हा रस्ता आमचाही आहे' असं सांगायला ती माणसं रस्त्यावर उतरली. त्या सणाची एक बाजू नियमाला टेकलेली नसेल तर जखमेला टेकलेली आहे. दोन्हीपैकी काहीच नसेल तर उरतात स्पीकर आणि कपडे.

उरतात ते कसे दिसतात हे पाहायला दूर जायला नको, पण आधी पोर्तुगालच पाहू. कारण तिथे जे घडलं त्यात मोठा धडा आहे. मेअल्याडा आणि इतर काही पोर्तुगीज गावांत कार्निव्हलला सांबाच्या मिरवणुका निघतात. ब्राझिलियन मालिकांतल्या नटांना पाहुणे राजे म्हणून बोलावण्याचीही पद्धत पडली. फेब्रुवारीत तिकडे थंडी असते, पाऊस असतो, आणि पिसांच्या अपुऱ्या कपड्यांत मुली कुडकुडत नाचतात. एंत्रुदू पोर्तुगालमधून रिओला गेला, तिथे दुसऱ्यांनी त्याचा सांबा केला, आणि मूळ गावाने आपलं विसरून ते तयार रूप परत आणलं. त्याच देशाच्या ईशान्येला डोंगरात पोदेन्स नावाचं लहान गाव आहे. तिथले तरुण रंगीत लोकरीच्या झालरींचे कपडे आणि लाल टोकदार नाकांचे मुखवटे घालून, कमरेला गुरांच्या घंटा बांधून गावभर धावतात. त्यांना कारेतो म्हणतात. गाव स्थलांतरामुळे रिकामं होत चाललं होतं, ही प्रथा बुडायच्या बेतात होती. गावच्या लोकांनी ती धरून ठेवली, पुन्हा उभी केली, आणि २०१९ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत तिचं नाव घातलं. आज लोक लांबून पोदेन्सला येतात. कारेतोचा फोटो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला आमचा संकासूर आठवला. काळे कपडे, उंच टोकदार टोपी, कमरेला घुंगरांचा पट्टा, आणि त्याला पाहून आईच्या पदराआड लपणारी पोरं.

आता गोव्याची मिरवणूक, जी इकडे आणायची सूचना होती ती. गोवा १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाला. १९६५ मध्ये पणजीत तिमोतेओ फर्नांडिस या शहरातल्या कलावंत मनाच्या गृहस्थांनी चित्ररथांची मिरवणूक काढली आणि स्वतः किंग मोमो, म्हणजे कार्निव्हलचा राजा, झाले. 'खा, पी आणि मजा कर' हा मोमोचा हुकूम तेव्हापासून गाजतोय. या मिरवणुकीला कृत्रिम म्हणून मोडीत काढणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यात नाही. १९६५ चा काळ डोळ्यांपुढे आणा. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा, हा वाद पेटलेला होता. १६ जानेवारी १९६७ ला त्यावर जनमत कौल झाला आणि गोवा वेगळा राहिला. पोर्तुगीज गेले, आता आपण कोण, हा प्रश्न त्या शहराच्या छातीवर बसलेला होता. अशा वेळी पणजीकर रस्त्यावर येऊन स्वतःच्या तऱ्हेने हसले, त्यात मला गरज दिसते. आपल्या मराठी वाचकांनी हे समजून घ्यायला हवं, कारण त्या वादात आपण एक बाजू होतो.

पुढे पर्यटन खात्याचा हात आला. शनिवारी पणजी, मग मडगाव, वास्को, म्हापसा, आणि अलीकडे लहान शहरांतही. मी पणजीची मिरवणूक तीनदा पाहिली. काही चित्ररथ खरोखर सुंदर असतात, गावातल्या क्लबांनी, पारंपरिक धंद्यांतल्या लोकांनी केलेले. रेंदेर माडावर चढतोय, पदेर पाव विकतोय. पण त्यांच्या मधून जाहिरातींचे ट्रक येतात, ज्यांचा इंत्रूजशी संबंध फक्त तारखेपुरता. रस्त्याच्या कडेने बांबूचे अडसर, आणि एका ठिकाणी मोठं व्यासपीठ. प्रत्येक रथ त्या व्यासपीठासमोर थांबतो, नाचतो, पुढे जातो. मी तिथून शंभरेक मीटरवर उभा होतो. आमच्यासमोर पोचेपर्यंत नाचणारे दमलेले असायचे, पाणी पीत असायचे. त्यांचा नाच ज्यांच्यासाठी होता ते मागे राहिले होते. अंगणातल्या खेळात ज्या मोठ्या माणसाची थट्टा होते, त्याच माणसाला इथे उंच खुर्ची देऊन त्याच्यापुढे सण सादर होतो. चर्चने एकाहून अधिक वेळा सांगितलं आहे की या मिरवणुकीशी आपला संबंध नाही. मिरवणुकीत बायकांना ज्या तऱ्हेने मांडलं जातं त्यावर स्त्रीसंघटनांनी आवाज उठवला आहे. दोघांच्याही तक्रारीत मला तथ्य वाटतं.

शिगम्याचंही तसंच झालं आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. रोमटामेळ आणि घोडेमोडणी शहरातल्या मिरवणुकीत बक्षिसांसाठी उतरतात, परीक्षकांपुढे ठरलेली मिनिटं नाचतात. ज्या मांडावर, म्हणजे गावातल्या शिगम्याच्या मानाच्या जागेवर, ती निघतात तिथे त्यांना मिनिटांचं बंधन नसतं, देवाच्या पायरीचं असतं.

टोरंटोची गोष्ट थोडक्यात. तिथल्या कॅरिबियन लोकांनी १९६७ मध्ये, कॅनडाच्या शंभरीला भेट म्हणून, कॅरिबाना सुरू केला. तो वाढला, पैसा आला, व्यवस्थापन दुसऱ्यांच्या हाती गेलं. २०११ मध्ये कोर्टात निकाल लागला की 'कॅरिबाना' हे नाव सुरुवातीच्या समाजसंस्थेचं आहे, आणि मिरवणुकीला नाव बदलावं लागलं. लोक अजून जुन्याच नावाने ओळखतात. सण कुणाचा हा प्रश्न आधी सोडवला नाही तर तो वकिलांकडे जातो.

मग बांद्याच्या अलीकडे काय करायचं?

त्या तरुण व्यावसायिकाचा हेतू वाईट नव्हता. त्याने दोन खोल्या बांधून कर्ज घेतलंय आणि त्या भरायला हव्यात. त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायलाच हवं. पण फेब्रुवारीत आमच्या किनाऱ्यावर पाहुणे असतातच, डिसेंबरपासून असतात. खोल्या रिकाम्या पडतात मार्चमध्ये, परीक्षा आणि ऊन सुरू झालं की. आणि मार्चमध्ये आमच्याकडे काय असतं? शिमगा. होळीचा माड किंवा आंबा वाजत-गाजत आणून उभा करणं, ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाणं, पोरांचं 'शबय शबय' म्हणत रस्त्यावर पैसे मागणं, नमन-खेळे, संकासूर, गोमू. कुडाळजवळच्या नेरूरच्या मांडावरचं रोंबाट ज्यांनी पाहिलं आहे त्यांना चित्ररथ शिकवायला बाहेरून कुणी यायची गरज नाही. गावातले मूर्तिकार, सुतार, रंगारी रात्र-रात्र जागून माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीची सोंगं उभी करतात आणि ती हलती-डुलती करून ढोलाच्या तालावर मांडावर आणतात. मुंबईहून चाकरमानी रजा टाकून येतात, कुणी जाहिरात केली म्हणून नव्हे. पन्नास किलोमीटरवरून भाड्याने रथ आणणारा जिल्हा स्वतःच्या अंगणातल्या या गोष्टीला एका पानाचं माहितीपत्रक छापत नाही, याचं मला दुःख होतं.

पण शिमगा पर्यटकांपुढे ठेवा असं म्हणतानाही माझा हात थरथरतो. मांडाचे नियम असतात, मानकऱ्यांचे मान असतात, काही गोष्टी बाहेरच्यांनी पाहायच्या नसतात. म्हणून पहिला शब्द मांडाचा. कुठल्या रात्री पाहुणे आले तर चालतील, कुठल्या रात्री नाही, फोटो कुठे काढायचा, कुठे नाही, हे गावाने ठरवावं आणि ते लिहून लावावं. तारीख पर्यटनाच्या सोयीने हलवू नये. पालखी शनिवार-रविवार पाहून निघत नाही. आणि व्यासपीठ बांधू नये. पाहुणा आला तर त्याने गर्दीत, धुळीत, सोंगांच्या वाटेवर उभं राहावं. त्याच्याकडेही शबय मागितली जावी. त्यातून आलेला पैसा मांडाकडे जावा, ठेकेदाराकडे नव्हे. संकासूराच्या टोपीला, ढोलाच्या चामड्याला, रात्रभर रंगवणाऱ्या मूर्तिकाराला.

आणि इंत्रूज? तोही येऊ दे, पण ज्यांचा आहे त्यांच्या हाताने. आमच्या जिल्ह्यात ख्रिस्ती वाडे आहेत. सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवणच्या आसपास जुनी चर्चं आहेत, कोंकणी-मालवणी बोलणारी घरं आहेत, भस्म बुधवार पाळणारी माणसं आहेत. त्यांच्या आजी-आजोबांच्या आठवणीत इंत्रूज कसा होता, हे त्या बैठकीत कुणी विचारलं नाही. ती माणसं तिथे नव्हतीच. त्यांना हवा असेल, त्यांच्या अंगणात हवा असेल, तर सासष्टीच्या एखाद्या खेळमंडळीला बोलवावं. मानधन द्यावं, जाण्या-येण्याचा खर्च द्यावा, रात्रीची राहायची सोय करावी. एका चित्ररथाच्या खर्चात अशा किती मंडळी येतील! त्यांच्यासमोर आमचे दशावतारी बसू देत, नमनवाले बसू देत. दोन्हीकडे पुरुष बायकांचं सोंग घेत आले, दोन्हीकडे संवाद ऐनवेळी रचले जातात, दोन्हीकडे गावातल्या ताज्या भानगडीला नाटकात जागा असते. त्या अंगणातल्या एका रात्रीतून पुढे काही निघालं, एखादा आमचा पोरगा त्यांच्यासारखं ट्रम्पेट शिकला, एखादं मालवणी-कोंकणी नाटुकलं रचलं गेलं, तर तो आमचा इंत्रूज. वेळ लागेल. त्रिनिदादला पन्नास वर्षं लागली, गोव्याला त्याहून जास्त.

पुढची बैठक पावसाळ्यानंतर आहे. मी हे सगळं तिथे मांडणार आहे आणि त्या तरुणाला येत्या इंत्रूजला माझ्याबरोबर सासष्टीत चल असं म्हणणार आहे. शनिवारी पणजीला नको, मंगळवारी. शेवटच्या संध्याकाळी मंडळी घाईत असतात, राहिलेली अंगणं संपवायची असतात. त्या पहिल्या वेळी शेवटचा खेळ आटपला तेव्हा रात्र बरीच झाली होती. ट्रम्पेटवाल्या म्हाताऱ्याने वाद्य कापडात गुंडाळलं. आणखी एक गाणं होऊ दे म्हणून पोरं त्याच्या मागे लागली होती. त्याने आकाशाकडे पाहिलं, मान हलवली आणि म्हणाला, "फाल्यां बुधवार." उद्या बुधवार. पोरं लगेच पांगली.